तीन ओबोलांची लोकशाही

प्राचीन अथेन्समधला साधा माणूस बाजाराला निघाला की सुटे पैसे तोंडात ठेवायचा. अंगावर नुसतं गुंडाळलेलं वस्त्र, त्याला खिसा कुठून असणार? आणि ओबोल हे चांदीचं नाणं इतकं बारीक, की वजन पाऊण ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणून ते गालफडात ठेवायचं. ॲरिस्टोफेनिसच्या एका नाटकात एक म्हातारा मोठ्या खुशीत सांगतो: दिवसभर कोर्टात बसून मी घरी येतो, लेक माझे पाय धुते, तेल चोळते, 'बाबा, बाबा' करत मुका घ्यायला वाकते आणि जिभेनं हळूच माझ्या तोंडातलं तीन ओबोलांचं नाणं काढून घेते.

हा म्हातारा वकील नाही की कारकून नाही. न्यायनिवाडा करायला बसलेल्या शेकडो नागरिकांपैकी तो एक आहे, आणि ते नाणं म्हणजे त्याचा त्या दिवसाचा भत्ता. अथेन्सची लोकशाही समजून घ्यायला मला पार्थेनॉनच्या देवळापेक्षा हे नाणं जास्त उपयोगी वाटतं. ते कुणाला मिळायचं, कशासाठी मिळायचं आणि मुळात यायचं कुठून, एवढं बघितलं तरी त्या समाजाचा बराचसा उलगडा होतो.

आधी हिशेब. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, शंभर द्राख्मांचा एक मिना, साठ मिनांचा एक टॅलंट. टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. तसं नाणं कुणी पाडत नसे, तो आकडा फक्त वहीतला. द्राख्मा हा शब्द वाटतो तेवढा परका नाही. ग्रीक राजे भारताच्या वायव्येला राज्य करू लागले तेव्हा तो इकडे आला, संस्कृतात त्याचा 'द्रम्म' झाला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्मांचे आकडे दिसतात, आणि झिजत झिजत त्याचाच 'दाम' झाला. 'दाम करी काम' म्हणताना आपण ग्रीक नाणंच वाजवत असतो.

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये गवंड्या-सुतारांची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा होती. तीन ओबोल म्हणजे अर्धा रोज. धडधाकट माणसाला तो फारसा परवडणारा नव्हता, पण म्हाताऱ्याला आणि बेकाराला पुरेसा होता.

आणखी एक खुलासा करून पुढे जातो. 'प्राचीन ग्रीस' नावाचा एक देश नव्हताच. हजारच्या आसपास लहान-मोठी नगरराज्यं होती, प्रत्येकाचे कायदे वेगळे, पंचांग वेगळं. स्पार्टात एका वेळी दोन राजे असत. मी फक्त अथेन्सबद्दल बोलतोय, कारण तिथल्या लोकांना सगळं दगडावर कोरून ठेवायची खोड होती: कायदे, करार, कोणी किती वर्गणी दिली, बांधकामावर कोणत्या मजुराला किती पैसे दिले, सगळं.

निवडणूक नको, चिठ्ठी टाका

लोकशाही म्हटलं की आपल्याला मतदान यंत्र आणि बोटावरची शाई आठवते. अथेन्सच्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्यानं भुवया उंचावल्या असत्या. त्याच्या लेखी निवडणूक ही बड्या लोकांच्या राज्याची खूण होती. ॲरिस्टॉटलनं हे स्पष्ट लिहून ठेवलंय: पदं चिठ्ठीनं भरणं हे लोकशाहीचं लक्षण, मतांनी भरणं हे मूठभरांच्या सत्तेचं. कारण सरळ आहे. निवडणूक लागली की नावाजलेला, पैसेवाला, छान बोलणारा निवडून येणार. चिठ्ठीला घराणं कळत नाही.

आपल्याकडे प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते, किंवा दोन उमेदवारांना सारखी मतं पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात. तो आपल्याकडे अडल्या वेळचा उपाय. अथेन्समध्ये जवळजवळ सगळा कारभारच सोडतीवर चाले. बाजारातली वजनमापं तपासणारे, रस्त्यांची देखरेख करणारे, तुरुंग सांभाळणारे, खजिन्याचा जमाखर्च बघणारे असे शेकडो अधिकारी दर वर्षी चिठ्ठीनं निवडले जात. एक वर्षाची मुदत. एकट्याच्या हाती काही नाही, बहुतेक कामांना दहा-दहा जणांची मंडळं. आणि मुदत संपली की पै-पैचा हिशेब दिल्याशिवाय सुटका नाही. सेनापती मात्र मतदानानं निवडत. लढाईत चिठ्ठी चालत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

या सगळ्याचा पाया क्लेइस्थेनिस नावाच्या पुढाऱ्यानं इ.स.पू. ५०८ च्या सुमारास घातला. तोवर राजकारण म्हणजे बड्या घराण्यांची भावकी. त्यानं अख्ख्या अ‍ॅटिका प्रदेशाचे (अथेन्स शहर आणि भोवतालचा मुलूख) १३९ गाव-मोहल्ले धरले आणि ते दहा नव्या गटांत असे वाटले, की प्रत्येक गटात थोडं शहर, थोडा किनारा, थोडं आतलं रान. एका घराण्याच्या दबावाखालचा सगळा टापू एकाच गटात राहणार नाही, याची ही सोय. मग प्रत्येक गटातून चिठ्ठीनं ५० जण, असं ५०० जणांचं मंडळ. सगळ्या नागरिकांच्या सभेपुढे कोणते विषय न्यायचे ते हे मंडळ ठरवी. आयुष्यात दोनदाच यात बसता येई.

मला यातला सगळ्यात गंमतशीर भाग अध्यक्षाचा वाटतो. वर्षाचे दहा भाग पाडलेले. प्रत्येक भागात एका गटाचे ५० जण पूर्णवेळ कारभार बघत, गोल छपराच्या एका इमारतीत सरकारी खर्चानं एकत्र जेवत. त्या पन्नासांतून रोज एक अध्यक्ष. तोही चिठ्ठीनं, एक रात्र आणि एक दिवस. खजिन्याच्या आणि दप्तराच्या किल्ल्या त्याच्याकडे, राज्याची मोहोर त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला की तो पुन्हा आपला शेतकरी किंवा चांभार. आणि ही संधी जन्मात एकदाच. ग्रीक वर्ष साडेतीनशेच्या आसपास दिवसांचं धरलं तर तीस वर्षांत दहा हजारांवर माणसं राज्याच्या किल्ल्या कमरेला लावून झोपली, असा त्याचा अर्थ होतो.

ही पाळी सॉक्रेटिसवरही आली. इ.स.पू. ४०६ मध्ये एका आरमारी लढाईत अथेन्स जिंकलं, पण वादळामुळे बुडत्या खलाशांना वाचवता आलं नाही. लोक चवताळले. सगळ्या सेनापतींचा एकत्रच, एकाच मतात निकाल लावा, अशी मागणी झाली. कायद्यानं प्रत्येकाचा खटला वेगळा चालायला हवा होता. सॉक्रेटिस तेव्हा त्या पन्नासांत होता. इतिहासकार झेनोफन तर एके ठिकाणी म्हणतो, की त्या दिवशी अध्यक्षाची चिठ्ठी त्याच्याच नावाची निघाली होती. त्यानं हे बेकायदा असल्याचं सांगून नकार दिला. उपयोग झाला नाही. हाती लागलेल्या सहा सेनापतींना मारण्यात आलं, आणि थोड्याच काळात लोकांना पश्चात्ताप झाला.

दगडी यंत्र आणि पाण्याचं घड्याळ

कोर्टाकडे येऊ, कारण ते तीन ओबोल तिथले. दर वर्षी तीस वर्षांवरचे ६००० नागरिक शपथ घेऊन तयार असत. ज्या दिवशी खटले असतील त्या दिवशी पहाटे त्यांच्यातले येतील ते यायचे. प्रत्येकाकडे एक पट्टी, इ.स.पू. चौथ्या शतकात बहुधा काशाची. तिच्यावर स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. ही पट्टी लोकांना इतकी जिवापाड प्रिय, की काहींच्या ती थडग्यात सापडली आहे.

मग दगडी यंत्र. माणसाच्या उंचीची शिळा, तिच्यावर पट्ट्या खोचायच्या खाचांच्या ओळी, आणि बाजूला उभी नळी. नळीत वरून पांढऱ्या आणि काळ्या गोट्या ओतायच्या. खाली एकेक गोटी पडे. पांढरी पडली तर खाचांची ती आडवी ओळ आज कामावर, काळी पडली तर ती ओळ घरी. त्यानंतर कोण कोणत्या कोर्टात बसणार याचीही सोडत. सकाळी खटला सुरू होईपर्यंत आपला न्याय कोण करणार हे कुणालाच ठाऊक नसे. मग लाच द्यायची कुणाला? साध्या खाजगी दाव्याला २०१ जण, मोठ्या खटल्याला ५०१ किंवा त्याहून जास्त. एवढ्यांना विकत घेणं कुबेरालाही जड.

न्यायाधीश नाही, सरकारी वकील नाही. ज्याची फिर्याद त्यानं स्वतः बोलायचं, ज्याच्यावर आरोप त्यानं स्वतः उत्तर द्यायचं. बोलता येत नसेल तर पैसे देऊन भाषण लिहून घ्यायचं आणि पाठ करायचं. वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ, म्हणजे बुडाशी भोक असलेलं मडकं. पाणी संपलं की बोलणं बंद. साक्षीदाराचा जबाब किंवा कायदा वाचून दाखवताना भोकाला बोळा लावत. निकाल त्याच दिवशी, चर्चा न करता, गुप्त मतदानानं. प्रत्येकाकडे काशाच्या दोन चकत्या, दोन्हींच्या मध्ये दांडी. एकीची दांडी पोकळ, एकीची भरीव. दांडीच्या टोकांवर चिमटीत धरून टाकली की बघणाऱ्याला कळत नाही कोणती टाकली.

हा भत्ता पेरिक्लीज या पुढाऱ्यानं सुरू केला, तेव्हा तो दोन ओबोल होता. पुढे क्लेऑन या दुसऱ्या पुढाऱ्यानं तीन केला. बड्या घरच्या लोकांनी तेव्हाही नाकं मुरडली होती: लोक आळशी झाले, बोलघेवडे झाले, फुकटची सवय लागली. ओळखीचं वाटतं ना? पण भत्त्याशिवाय ज्याचं हातावर पोट आहे तो दिवसभर कोर्टात बसणार कसा? तो न्यायालयात आला नसता तर न्याय आपोआप जमीनदारांच्या हाती गेला असता.

शहरातून हद्दपार करायचाही एक मार्ग होता. आपल्याकडे खापर फोडतात, तिथे खापरीवर नाव कोरायचे. वर्षातून एकदा, सभेनं ठरवलं तर, ज्याचं वजन धोकादायक वाटतं त्याचं नाव फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर लिहायचं. किमान ६००० खापऱ्या जमल्या, तर ज्याचं नाव सर्वाधिक तो दहा वर्षं बाहेर. त्याची मालमत्ता शाबूत, अब्रूही शाबूत. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लीज या पुढाऱ्याच्या नावाच्या १९० खापऱ्या एकगठ्ठा सापडल्या, आणि अक्षर तपासलं तर लिहिणारे हात जेमतेम चौदा. निरक्षरांना वाटायला कुणीतरी आधीच लिहून ठेवल्या असणार. प्रचारयंत्रणा नावाची चीज काही परवाची नाही.

सभा आणि दोन जहाजं

शेवटचा शब्द सभेचा. प्निक्स नावाच्या टेकडीवर नागरिक जमत. चौथ्या शतकात वर्षाला चाळीस बैठका ठरलेल्या होत्या. महत्त्वाच्या काही ठरावांना ६००० जणांची हजेरी लागे. बाजारात गप्पा छाटत उभ्या राहिलेल्यांना तिकडे हाकायला लाल रंगात भिजवलेला दोर घेऊन सरकारी गुलाम निघत. रेंगाळलात तर कपड्याला डाग. युद्ध करायचं की तह, कर किती, कुणाला मारायचं, हे सगळं हात वर करून ठरे.

आता सभेची ताकद किती भयंकर होती ते इ.स.पू. ४२७ मध्ये दिसलं. लेस्बोस बेटावरच्या मितिलिनी शहरानं अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि ते मोडलं गेलं. संतापलेल्या सभेनं ठराव केला: तिथला प्रत्येक प्रौढ पुरुष मारा, बायका-मुलं गुलाम म्हणून विका. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. रात्री लोकांचा राग उतरला. आपण केलं काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. क्लेऑन म्हणाला, शब्द फिरवू नका. त्याच्या विरोधात डायोडोटस नावाचा माणूस उभा राहिला. इतिहासात हा माणूस दुसरीकडे कुठेच भेटत नाही. इतिहासकार थ्युसिडिडीज त्याचं भाषण देतो, त्यात दयेचं नावही नाही. मारलंत तर पुढचं बंडखोर शहर शेवटपर्यंत लढेल, शरण येणार नाही, त्यात आपलंच नुकसान, एवढंच तो सांगतो. हात वर झाले. फार थोड्या फरकानं त्याची बाजू जिंकली.

पहिलं जहाज एक दिवस-रात्र पुढे गेलेलं. दुसऱ्याच्या वल्हेकऱ्यांना मितिलिनीच्या वकिलातीनं दारू आणि पीठ पुरवलं, वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस देऊ म्हणाले. ते वल्ही मारता मारताच दारूतेलात कालवलेलं पीठ खात राहिले, पाळीपाळीनं झोपले. पहिल्या जहाजाला अशा कामावर जायची घाई नव्हती. तिथल्या सेनापतीनं पहिला हुकूम वाचला होता आणि अंमल सुरू होणार, तेवढ्यात दुसरं जहाज धक्क्याला लागलं. शहर वाचलं. बंडाचे पुढारी म्हणून धरलेल्यांना मात्र सोडलं नाही.

अकरा वर्षांनी मेलोस बेटाच्या वाट्याला दुसरं जहाज आलं नाही.

पैसा यायचा कुठून

अथेन्सच्या आग्नेयेला लॉरियनच्या टेकड्या आहेत. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे चांदीची मोठी शीर लागली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे हा पैसा नागरिकांना माणशी दहा द्राख्मा वाटायचा घाट होता. थेमिस्टोक्लीजनं तो वळवून लढाऊ जहाजं बांधायला लावली, आणि तीन वर्षांत सालामिसच्या सामुद्रधुनीत याच आरमारानं इराणच्या बादशहाला पळवून लावलं. एका जहाजाला १७० वल्हेकरी लागत. हे बहुतेक गरीब, ज्यांच्याकडे चिलखत घ्यायला पैसे नाहीत असे. शहर ज्यांच्या दंडांवर तरलं त्यांना सभेत गप्प बसवणं त्यानंतर कुणाला शक्य नव्हतं. लोकशाहीचे एक विरोधकसुद्धा कुरकुरत हे कबूल करतात, की जे जहाजं हाकतात त्यांनी राज्य हाकावं हे न्यायाचंच.

पण ती चांदी खणून कोण काढत होतं? गुलाम. बोगदे जेमतेम मीटरभर उंच, ठिकठिकाणी तर त्याहून कमी. रांगत जायचं, तेलाच्या दिव्यावर खणायचं. झेनोफन सांगतो, की निकियस या प्रतिष्ठित सेनापतीचे एक हजार गुलाम खाणीत भाड्यानं दिलेले होते, दर गुलामामागे दिवसाला एक ओबोल, आणि मेलेल्याच्या जागी नवा भरून संख्या हजार ठेवायची जबाबदारी भाड्यानं घेणाऱ्याची. रोजचे हजार ओबोल. तीन ओबोलांच्या दरानं ३३३ न्यायदात्यांचा भत्ता. अर्थात हे पैसे निकियसच्या घरात जात, सरकारात नव्हे. पण अशाच पैशातून श्रीमंत लोक नाटकांचे खर्च उचलत, लढाऊ जहाज वर्षभर चालवत. ते त्यांना सक्तीचं होतं. एखाद्याला वाटलं की माझ्यापेक्षा अमका जास्त श्रीमंत असून सुटलाय, तर तो त्याला आव्हान देऊ शके: हा खर्च तू कर, नाहीतर तुझी सगळी मालमत्ता मला दे आणि माझी तू घे. आयकर खात्याला सुचवून बघण्यासारखी युक्ती आहे.

गुलामांचे भावही दगडावर कोरलेले सापडतात. इ.स.पू. ४१४ मध्ये धर्मविटंबनेच्या खटल्यात दोषी ठरलेल्यांची मालमत्ता लिलावात निघाली. त्यात पिरेअस बंदरात राहणाऱ्या एका परदेशी रहिवाशाचे सोळा गुलाम. थ्रेसची एक बाई १६५ द्राख्मा. सीरियाचा एक पुरुष ३०१. कॅरियाचं एक लहान मूल, ७२. त्यांची नावं कोरलेली नाहीत, फक्त मुलूख आणि किंमत. ७२ द्राख्मा म्हणजे गवंड्याची अडीच महिन्यांची मजुरी.

गुलाम सगळीकडे होते, आणि सगळ्यांची अवस्था सारखी नव्हती. एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब शिल्लक आहेत. त्यात ज्यांची ओळख पटते असे ८६ कामगार: २४ नागरिक, ४२ परदेशी रहिवासी, २० गुलाम. एकाच खांबावर शेजारी शेजारी बसून एकाच रोजावर काम. गुलामाचा रोज मालकाकडे जायचा, एवढाच फरक, आणि तो सगळाच फरक. सरकारी गुलामही होते. बाजारात नाणी पारखायला बसणारा गुलामच असे, आणि इ.स.पू. ३७५ च्या एका कायद्यानुसार त्यानं खरं ठरवलेलं नाणं नाकारायची मुभा कोणत्याही व्यापाऱ्याला नव्हती. त्यानं काम टाळलं तर ५० फटके. पासिओन नावाचा एक गुलाम पेढीवर काम करता करता सुटला, पेढीचा मालक झाला आणि शेवटी नागरिकही झाला. लॉरियनच्या बोगद्यातून असं वर आलेला कुणी आपल्याला ठाऊक नाही.

तिसरा ओघ खंडणीचा. इराणशी लढायला म्हणून इ.स.पू. ४७८ मध्ये ग्रीक शहरांचा संघ झाला, वर्गणीचा खजिना डेलोस बेटावर. ४५४ मध्ये तो अथेन्सला हलवला गेला, आणि वर्गणीची खंडणी कधी झाली ते कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. ४३१ च्या सुमारास वर्षाला सुमारे ६०० टॅलंट येत होते. ६००० न्यायदाते वर्षाला ३०० दिवस बसले तरी त्यांचा भत्ता १५० टॅलंटच होतो.

इथे एक सोपा निष्कर्ष समोर येऊन उभा राहतो: दुसऱ्यांना लुटून चाललेली लोकशाही. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स युद्ध हरलं, साम्राज्य गेलं, खंडणी बंद झाली. आणि त्यानंतर काही वर्षांतच सभेला हजर राहण्याचा भत्ता नव्यानं सुरू झाला! आधी एक ओबोल, मग दोन, मग तीन. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत साध्या बैठकीला एक द्राख्मा. म्हणजे साम्राज्याच्या पैशानं सवय लागली असेल, पण ती त्याच्यावाचून टिकली. गुलामांवाचून मात्र ती एक दिवसही चाललेली नाही.

घर, भाकरी आणि सभेत नसलेली माणसं

घरं साधी. कच्च्या विटांच्या भिंती, मध्ये अंगण. चोराला ग्रीक शब्दच 'भिंत खणणारा' असा होता, कारण दाराचा अडसर काढण्यापेक्षा भिंत पोखरणं सोपं. आपला घरफोड्या शब्द याला चपखल बसतो.

जेवणाचे त्यांचे दोनच भाग: एक धान्य, दुसरं त्याला लावून खायचं. इंग्रजीतून ग्रीकांबद्दल वाचताना या दुसऱ्या शब्दाशी लेखक झगडताना दिसतात. मराठीत झगडायचं कारण नाही, भाकरी आणि कोरड्यास. धान्य म्हणजे बहुधा सातू, कारण अ‍ॅटिकाच्या हलक्या जमिनीत गव्हापेक्षा तोच बरा पिके. सातूचं पीठ पाण्यात किंवा तेलात मळून गोळे करायचे. गव्हाचा पाव सणासुदीला नाहीतर पैसेवाल्याला. कोरड्यासाला कांदा, लसूण, ऑलिव्ह, चीज, खारवलेली मासळी. भाकरी थोडी आणि कोरड्यासच जास्त ओढणाऱ्याला नावं ठेवत. मटण मुख्यतः बळी दिल्यावर, म्हणजे शहराच्या सणांना, सर्वांना वाटून. दारूत नेहमी पाणी घालत. बिनपाण्याची पिणं हे रानटीपणाचं लक्षण.

आणि तरी सातू पुरत नसे. धान्याची जहाजं काळ्या समुद्राकडून यायची. चौथ्या शतकात डेमोस्थेनिस हा वक्ता एकट्या त्या भागातून वर्षाला चार लाख मेडिम्नोस येतात असं सांगतो. एक मेडिम्नोस म्हणजे सुमारे ५० लिटरचं माप. म्हणून सभेच्या मुख्य बैठकीत दर वेळी धान्यसाठ्याचा विषय ठरलेला. अथेन्सच्या रहिवाशानं धान्य दुसऱ्या बंदरात नेणं गुन्हा, आणि साठेबाजीला मृत्युदंड. जहाजांना कर्ज देणारे पेढीवाले बाजारात मेज मांडून बसत. मेजाला ग्रीकमध्ये 'त्रापेझा', आणि आजही ग्रीसमध्ये बँकेच्या पाटीवर हाच शब्द असतो. जहाज बुडालं तर कर्ज माफ, म्हणून व्याज चढं.

आता आकडे. अ‍ॅटिकात एकूण माणसं अडीच-तीन लाख असावीत असा अंदाज. त्यांत सभेत हात वर करू शकणारे ३० ते ५० हजार. बाकी बायका, मुलं, गुलाम, आणि पिढ्यानपिढ्या राहूनही वर्षाला १२ द्राख्मा कर भरत परदेशीच राहिलेले लोक.

बाईच्या नावावर एक मेडिम्नोस सातवाच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार होऊ शकत नसे. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न, नवरा दुपटीनं मोठा. काडीमोड झाला तर हुंडा परत करावा लागे, उशीर केला तर वर्षाला १८ टक्के व्याज. पण तो परत जायचा बापाकडे किंवा भावाकडे. चांगल्या घरच्या बाईनं बाहेर दिसू नये हा आदर्श. आदर्श पाळायला मोलकरीण लागते. गरिबाची बायको पाणी भरायला आणि बाजारात विकायला जाणारच. एका खटल्यात एका माणसाच्या नागरिकत्वावर आक्षेप घेतला गेला, आणि पुरावा काय, तर त्याची आई बाजारात फिती विकते आणि तिनं पूर्वी दुसऱ्याचं मूल अंगावर पाजलंय. तो उत्तर देतो: गरिबी माणसाला अशी कामं करायला लावते, म्हणून काय आम्ही परके?

आईचं नागरिकत्व महत्त्वाचं होतं ते पेरिक्लीजच्याच कायद्यामुळे. इ.स.पू. ४५१ मध्ये त्यानं ठराव करून घेतला, की आई-बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे साथीत त्याची दोन्ही मुलं गेली. उरला तो मिलेटसहून आलेल्या अस्पासियापासून त्याला झालेला मुलगा, म्हणजे त्याच्याच कायद्यानं परका. पेरिक्लीजनं सभेपुढे पदर पसरला आणि सभेनं अपवाद केला. मुलाला बापाचं नाव मिळालं, तो मोठा झाला, सेनापती म्हणून निवडून आला. ४०६ मध्ये ज्या सहा जणांना सभेनं मारलं, त्यांत तो होता.

इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या अँटिपॅटरनं अथेन्सला हरवलं. त्यानं लोकशाही बंद केली असं नाही म्हटलं, फक्त अट घातली: ज्याच्याकडे २००० द्राख्मांची मालमत्ता असेल त्यालाच नागरिकाचे हक्क. एका फटक्यात बारा हजारांवर माणसं बाहेर पडली, असं चरित्रकार प्लूटार्क लिहितो. वल्हेकरी, चांभार, फिती विकणारीची मुलं, पहाटे पट्टी घेऊन यंत्रापाशी उभे राहणारे म्हातारे. त्यांतल्या ज्यांना गावात राहणं असह्य झालं त्यांना अँटिपॅटरनं दुसरीकडे जमीन आणि वसायला गाव देऊ केलं. ती जमीन थ्रेसमध्ये होती.